भोक असलेली ‘जपानी’ सुरी : पाचपैकी दीड, आणि या जाहिराती काय शिकवतायत त्याबद्दल

रेटिंग वर दिलंच आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढं बघून ‘ही सुरी घेऊ नका’ एवढं समजावं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय.

ही सुरी तुम्ही सगळ्यांनी फेसबुक-इन्स्टावर पाहिली असणारच. बाकदार रुंद पातं, पात्यावर हातोडीने ठोकल्यासारखे खळगे, मुठीजवळ बोट घालायला गोल भोक, लाकडी मूठ आणि सोबत चामड्यासारखं दिसणारं म्यान. कधी ती जपानी म्हणून येते, कधी सर्बियन, कधी व्हायकिंग. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण तशाच सुरीला वेगवेगळी नावं लावून कितीतरी पेजेस विकतायत, एक बंद झालं की दुसरं उघडतं, त्यामुळे नाव लक्षात ठेवून काही उपयोग नाही, सुरीचं रूप लक्षात ठेवा.

माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, पुण्यात. सकाळी सहाला कांदा, कोबी, गवार, फरसबी, बटाटा असं ढिगाने चिरायला घ्यावं लागतं, त्यामुळे सुरी कशी चालते हे मला कुणी सांगावं लागत नाही, मनगटच सांगतं. भाऊबीजेला भावाने ही ओवाळणी दिली, ताई रोज एवढं चिरते तर तिला काहीतरी भारी देऊ म्हणून. ६,९९९ वर काट मारून १,८९९ ला. त्याने मला ती जाहिरात पण दाखवली आणि खरं सांगते, जाहिरात बनवलीय जबरदस्त. एक म्हातारा जपानी कारागीर, भट्टी, ठिणग्या, लालभडक लोखंड पाण्यात बुडवल्यावर येणारी वाफ, मग लिहून येतं की आजोबा आता निवृत्त होतायत, वर्कशॉप बंद होतंय, शेवटचे थोडेच पीस उरलेत, आणि खाली घड्याळ उलटं पळतंय. भाऊ म्हणाला ताई, त्या आजोबांकडे बघून वाटलं की घ्यावी. म्हणजे सुरीकडे बघून नाही घेतली, आजोबांकडे बघून घेतली. मला इथूनच बोलायचंय.

आधी सुरीचं. खोका उघडला तर कुठेही कंपनीचा पत्ता नाही, कुठल्या देशात बनली ते नाही, स्टील कुठलं ते नाही. नुसतं ‘हाय कार्बन’ आणि ‘प्रोफेशनल’. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याला कंट्री ऑफ ओरिजिन दाखवावंच लागतं, ते पेजवरही नव्हतं. पात्याची पाठ जाड, अंदाजे चार मिलिमीटर तरी असेल, आणि ती जाडी धारेच्या अगदी जवळपर्यंत तशीच आलीय. याचा परिणाम पहिल्याच गाजरात कळला. गाजर कापलं जात नाही, पातं अर्ध्यात गेलं की पाचरीसारखं काम करतं आणि गाजर टच्चकन फुटतं. चकत्या सरळ येतच नाहीत. कांद्याला तर त्याहून वाईट, पापुद्रे सरकतात, दाबावं लागतं, रस बाहेर येतो आणि डोळे नेहमीपेक्षा जास्त चुरचुरतात, कारण धार कापत नसली की कांदा चेचला जातो.

कोथिंबिरीची गंमत नाही, वैताग सांगते. पातं इतकं बाकदार आहे की पाटावर एका वेळी जेमतेम दोन बोटांएवढाच भाग टेकतो. म्हणजे तुम्ही भराभर चिरलंत असं वाटतं आणि उचलायला गेलं की सगळी कोथिंबीर माळेसारखी एकमेकांना लटकलेली. कोबीचंही तेच. ते जे भोक आहे त्यात बोट घालून पातं धरायचं असं जाहिरातीत दाखवतात, पण तसं धरलं की बोटाच्या कडेला घासतं आणि तासाभराच्या चिराचिरीत लाल होतं. शिवाय भोकाच्या आतल्या कडेला बटाट्याचा स्टार्च आणि लसूण अडकून बसतो, तो काढायला वेगळा वेळ. मुठीचं लाकूड आणि आतली पट्टी यात नखाएवढी फट आहे, त्यात पाणी जातं, आठवड्यात वास यायला लागला.

पात्यावरची ती लाटांची नक्षी, जिला ते दमास्कस म्हणतात, ती तर मी भांड्याच्या तारेच्या घासणीने एका कोपऱ्यात घासून बघितली. पुसट झाली. वरवर लेझरने काढलेली असते ती, स्टिकरपेक्षा थोडी पक्की एवढंच. हल्ली दमास्कस म्हणतात ते पोलादाचे थर जोडून केलेलं असतं, तशा खऱ्या थरांच्या पात्याला पाठीवरून नीट बघितलं तर साधारणपणे थरांच्या बारीक रेषा लांबीभर जाताना दिसतात, इथे पाठ गुळगुळीत आणि नक्षी फक्त दोन्ही अंगांना.

दीड मार्क कशाचे तर, लाल भोपळा. वजनदार आणि जाड असल्यामुळे भोपळा ही सुरी छान फोडते. सुरणालाही चालते. पण त्यासाठी १,८९९ कशाला, आपल्या बोहरी आळीत त्याच्या चौथाईत जाड पात्याचा सुरा मिळतो आणि दुकानदार हातात देऊन बघू पण देतो.

आता ज्या जपानच्या नावावर हे विकलं जातं तिथे खरं काय असतं तेही बघा. ओसाकाजवळचं साकाई, गिफू प्रांतातलं सेकी, निगाताकडचं सांजो, ही तिथली सुऱ्यांची मोठी गावं. साकाईची पारंपरिक पद्धत अशी की पातं घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा, प्रत्येकजण आयुष्यभर आपलं एकच काम करतो. जाहिरातीतला एकटा आजोबा जो भट्टीपासून म्यानापर्यंत सगळं करतोय तो तिथल्या या पद्धतीत बसतच नाही. त्यांच्या चांगल्या सुऱ्या पातळ असतात, अगदी बारीक, आणि पोलाद कडक, व्हीजी-१० नावाच्या पोलादासारखं, साठ रॉकवेलच्या (हे कडकपणाचं माप) आसपासचं. कडक म्हणून धार टिकते, पण हाडावर किंवा नारळावर मारली तर टवका उडतो. म्हणजे जाहिरातीत जे दाखवतात, अख्खं हाड तोडणं, लाकडाच्या ओंडक्यात खुपसणं, ते खऱ्या पातळ जपानी सुरीला केलं तर ती संपलीच. जपानचं नाव घ्यायचं आणि जपानी सुरी जे कधीच करत नाही ते करून दाखवायचं, हे लोकांना कसं चालतं, कळत नाही.

आणि दमास्कसचं तर आपल्याला जास्त लागायला हवं. त्या नावाने ज्या तलवारी जगभर गाजल्या त्यांचं पोलाद आपल्या दक्षिणेतून जायचं, वूट्झ, मुशीत वितळवून केलेलं. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्यातलं एक ठाऊक गाव, तिथून इराणपर्यंत माल जायचा. पोलाद थंड होताना आणि मग घडवताना आतच ती लाटांची रचना तयार व्हायची, वरून काढावी लागत नव्हती. ती कला बंद पडली आणि आज तिचं नाव लेझरच्या रेघोट्यांना लावून आपल्यालाच विकतायत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे नवीन आहे असं समजू नका. १९७८ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर गिन्सू नावाच्या सुऱ्या आल्या. नाव जपानी वाटेल असं मुद्दाम बनवलेलं, सुऱ्या मात्र ओहायो राज्यातल्या फ्रीमाँट गावात बनायच्या. जाहिरातीत त्या सुरीने पत्र्याचा डबा कापायचे आणि लगेच टोमॅटोची पातळ चकती काढून दाखवायचे, बघणारा थक्क. त्यात जादू नव्हती, सुरी दातेरी होती. दातेरी पात्यात टोकं पुढे असतात आणि खरी धार त्यांच्या मधल्या खोबणीत लपलेली, पत्र्यावर घासतात ती टोकं, खोबणीतली धार बऱ्यापैकी वाचते, म्हणून टोमॅटो कापला जातो. पण डबा कापायची गरज कुठल्या स्वयंपाकघरात असते मला सांगा. लोकांना रोज काय चिरावं लागतं हे न विचारता त्यांना चमत्कार दाखवायचा आणि मग ‘थांबा, अजून आहे’ म्हणत त्याच किमतीत आणखी चार वस्तू टाकायच्या, ते तेव्हापासून चालू आहे. आज फक्त टीव्हीची जागा रीलने घेतली.

पण माझी खरी तक्रार पैशाची नाही. गिन्सूच्या जाहिरातीत निदान स्वयंपाकघर तरी होतं. या नव्या जाहिरातींमध्ये स्वयंपाकघर उरलंच नाही. दाढीवाला माणूस, जंगल, शेकोटी, मांसाचा मोठा तुकडा, सुरी हवेत फिरवून ओंडक्यात रोवायची, मागे ढोल. रोज ज्या बायका (आणि हॉटेलांमधले, मेसमधले, वडापावच्या गाडीवरचे पुरुष सुद्धा) तासन् तास सुरी हातात धरतात त्यातलं एकही माणूस दिसत नाही. सुरी कशासाठी आहे तर रुबाबासाठी, कोणाची आहे तर योद्ध्याची. आणि हे सगळं मुलं बघतायत.

माझा भाचा दहावीत आहे. टोमॅटो कापायची छोटी सुरी माझ्या ओट्यावर कायम पडलेली असते, त्याने आजपर्यंत तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, काकडी कापायला सांगितली तर कापतो आणि ठेवून देतो. ही भोकवाली दिसल्याबरोबर बोट भोकात घातलं, मनगट फिरवलं, आरशासमोर गेला आणि म्हणाला, ‘मावशी, एक रील काढू दे ना.’ मुलगा साधा आहे, भांडखोर अजिबात नाही. वस्तूनेच त्याला सांगितलं की मला असं धरायचं असतं. मी काढून घेतली आणि त्याला म्हटलं, ‘हिने आधी मला पावशेर गवार चिरून दाखव, मग बघू रीलचं.’ दहा मिनिटांत कंटाळून परत दिली.

आपण पुण्यात राहतो, कोयता गँगच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. कोयते नाचवत काढलेली रील्स, वाढदिवसाला तलवारीने कापलेले केक, पोलिसांनी मग पकडून आणलेली कोवळी पोरं. कोयता काय आजचा आहे का, ऊसतोडीला जाणारं बीडकडचं कुटुंब त्याच कोयत्यावर पोट भरतं, मुकादम उचल देतो ती पण कोयत्याच्या हिशोबाने, नवरा-बायको मिळून एक कोयता. नारळवाल्याकडे आहे, माळ्याकडे आहे. पातं तेच. शहरातल्या पोराला तो कशाचा म्हणून दाखवला गेला यावर तो त्याच्या हातात काय होतो ते ठरतं. रामपुरीचं हेच झालं होतं, हिंदी सिनेमाने खटका दाबून पातं उघडायचा तो आवाज घराघरात पोचवला आणि रामपूरच्या कारागिरांचा चाकू कायमचा गुंडाचा झाला.

ब्रिटनमध्ये तर याच्यावर थेट कायदाच आहे. १९९७ चा नाइव्ह्ज ॲक्ट. त्यात चाकूची विक्री करताना तो मारामारीला योग्य आहे असं सुचवणं किंवा हिंसेला उत्तेजन मिळेल अशी जाहिरात करणं हाच गुन्हा धरलाय, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे चाकू विका, पण असं बोलून विकू नका. मग झोंबी नाइफ म्हणून भडक रंगाचे, दातेरी पाठीचे चाकू तिथे पसरले, २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये त्यांच्यावर बंदी आली, ज्यांच्यावर हिंसा सुचवणारी चित्रं किंवा शब्द असतील अशांवर. विकणाऱ्यांनी काय केलं, चित्रं आणि शब्द काढून टाकले आणि तसाच चाकू विकत राहिले. शेवटी सप्टेंबर २०२४ पासून तशा रूपाच्या चाकूंवर आणि मॅचेटींवरच (कोयत्यासारखी लांब पाती) बंदी घालावी लागली. मला यातलं एवढंच घ्यायचंय की सरकारांनाही कळलंय, पात्यावर काय लिहिलंय, नाव काय दिलंय, याने फरक पडतो.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांच्या यादीत आहेत, पण घरकाम, शेती, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या वगळून. म्हणजे आपला कायदाही विचारतो की कशासाठी बनवली. मग जी कंपनी स्वयंपाकाची सुरी म्हणून विकते आणि व्हिडिओत योद्ध्याच्या हातात देते तिने आधी ठरवावं कशासाठी बनवली ते.

याच्या अगदी उलटं उदाहरण म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स, चाकू बनवणारी स्विस कंपनी. स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावात कार्ल एल्सेनरने १८८४ ला वर्कशॉप टाकलं, १८९१ ला स्विस सैन्याला सैनिकांचे चाकू दिले, १८९७ ला अधिकाऱ्यांचा हलका चाकू काढला ज्यात बूच काढायचा स्क्रू होता. म्हणजे मूळ सैन्याचा चाकू. यांना शस्त्र म्हणून मिरवायला किती सोपं होतं. त्यांनी लाल रंग दिला, पांढरा क्रॉस दिला, कात्री, चिमटा, दातकोरणी घातली आणि तो चाकू बापाने मुलाला वाढदिवसाला द्यायची वस्तू झाला. हाही मार्केटिंगच आहे, नाही कोण म्हणतंय, पण त्याने लोकांच्या मनात चाकू म्हणजे कामाचा सोबती असं बसवलं. इतकं बसवूनही २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर विमानतळांवर नेलकटरसुद्धा काढून घ्यायला लागले तेव्हा यांच्या खिशातल्या चाकूंचा खप धाडकन पडला, आणि २०२४ मध्ये कंपनीनेच सांगितलं की बिनपात्याची अवजारं बनवायचा विचार चाललाय. चाकू बदलला नव्हता, लोकांची नजर बदलली.

मी रोज वापरते ती यांचीच छोटी दातेरी, अकरा सेंटिमीटर पात्याची, गोल टोकाची, प्लॅस्टिक मुठीची. पाचपैकी साडेचार. तीन-चारशेच्या आसपास मिळते. दिसायला काहीच नाही, म्यान नाही, नक्षी नाही, फोटो काढावासा वाटत नाही. पण पिकलेला टोमॅटो हातात धरून कापते, साल न ओढता. वांगं, मिरची, लिंबू, पाव, सगळं. अर्धा मार्क यासाठी कापला की दातेरी असल्यामुळे घरी दगडावर धार लावता येत नाही आणि कोबी-कांद्याच्या ढिगाला ती लहान पडते. ढिगासाठी माझ्याकडे साधी सरळ पातळ पात्याची आठ इंची आहे, आणि सासूबाई तर विळीशिवाय कशालाच हात लावत नाहीत, शेवग्याच्या शेंगा आणि फणस त्यांच्या विळीवर जितक्या भरभर होतात तितक्या माझ्या कुठल्याच सुरीवर होत नाहीत. विळीची जाहिरात कुणी आयुष्यात पाहिलीय का? तुळशीबागेत टांगलेल्या असतात, बाई येते, अंगठ्याने धार आडवी चाचपते, पाट डुगडुगतो का बघते आणि घेऊन जाते.

आणि धार, हे एकाही जाहिरातीत नसतं बघा. ‘कधीच धार लावावी लागत नाही’ असं लिहिणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, साध्या सरळ पात्याची सुरी असेल तर धार लावावीच लागते. सुरी ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा, धारेवर पांढरी चकाकती रेघ किंवा ठिपके दिसले की तिथे ती बोथट आहे, धारदार कड उजेड परत फेकत नाही. पाण्याचा दगड (ओला करून धार लावायचा) आणा, हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचं माप) एक पुरतो, नाहीतर सायकलवरचा धारवाला अजून आमच्या भागात येतो त्याच्याकडून करून घ्या, फक्त त्याला सांगा की फार घासू नको, चाक कोरडं असेल तर पातं तापून कड मऊ पडते. धार असलेली साधी सुरी ही बोथट महाग सुरीपेक्षा सुरक्षितही असते, कारण दाबावं लागत नाही, घसरत नाही.

घ्यायचीच असेल तर हातात घेऊन घ्या. पाठीवरून खाली धारेकडे बघा, निमुळती होत गेली पाहिजे. पाटावर टेकवून बघा किती लांबी टेकते. मुठीत फट नको. स्टीलचं नाव आणि देश लिहिलेला हवा.

त्या भोकवालीचं पुढे काय झालं ते सांगते. परत करायला ईमेल केला तर उत्तर आलं की परदेशात कुरियर करा, खर्च तुमचा, म्हणजे सुरीपेक्षा जास्त. खोट्या घाईचं ते उलटं घड्याळ, ते तर सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवायच्या ऑनलाइन युक्त्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये सरळ नाव घेऊन मना केलंय. भावाच्या नावाने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, मराठीत बोलता येतं, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती एवढं जवळ ठेवा. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळालाय. पैसे आले की इथेच अपडेट टाकते, आणि कोणाचे याच भोकवाल्या सुरीचे पैसे परत आले असतील तर कसे आले ते खाली लिहा, खूप जणींना उपयोग होईल.